वासरांचा ताप

मेलेल्या वासराची छाती उघडली, तर फुप्फुसं कलेजीसारखी घट्ट झालेली. न्यूमोनिया. ज्याची लस दीड महिन्यापूर्वी दिली होती, तोच.

"लस कसली, पाणी होतं ते!" वेंडेलने कुंपणाला लाथ घातली. "या बाईसाहेबांनी बाटल्या उन्हात ठेवल्या."

बाईसाहेब म्हणजे त्याची मुलगी, मॅरेन. यंदा पहिल्यांदाच सगळी वासरं तिने एकटीने टोचली होती. "बर्फातच होत्या, बाबा. उन्हात दिसल्या त्या रिकाम्या," एवढं बोलून ती मेलेलं वासरू उचलायला ट्रॅक्टर आणायला गेली. बापाची तीच ती बोलणी ऐकून ती विटली होती. सोमवारी हे गुरांचं रँच सोडून कॅल्गरी शहरात निघणार होती, कुठल्याशा दुकानात कामाला.

मी इथली जनावरांची डॉक्टर. वेंडेलला शाळेपासून ओळखते, तेव्हाही तो असाच होता. उरलेली लस बघायला मी त्याचा औषधांचा फ्रीज उघडला. समोरच सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडची मोठी बाटली. बैलाच्या पायासाठी मीच दिलेली, आणि आता तळाला गेलेली.

"हे कुणाला टोचलंस?"

"वासरांना. लशीनंतर मानेवर गाठी आल्या, ताप चढला, चारा सोडला. त्याच रात्री दिलं, दुसऱ्या दिवशीही दिलं. उड्या मारायला लागली की!"

माझं डोकंच फिरलं.

"अरे गाढवा, ती सूज म्हणजेच लशीचं काम! अंगातल्या पहिल्या पहारेकऱ्यांनी लस पकडली, म्हणून गाठ आली. तेच तिचा तुकडा मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत नेतात, आतल्या शिकाऊ पेशींना दाखवतात, 'हा चोर, ओळखून ठेवा' म्हणून. मग त्या शिकतात, लक्षात ठेवतात. तू पहारेकऱ्यांचंच तोंड दाबलंस. शिकवणार कोण त्यांना?"

"मला काय माहीत? त्यांचे हाल बघवले नाहीत."

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतंस! पोरीला बोल लावताना बरं सगळं माहीत होतं!"

त्याने फ्रीजला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग हळूच म्हणाला, "तिला नको सांगूस. नाहीतरी चाललीच आहे."

एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. वासरू अज्ञानाने मेलं, ते एक वेळ समजू शकते. पण हे! मी त्याची कॉलर धरून त्याला बाहेर आणलं. "सांग. नाहीतर मी सांगते."

मॅरेन ट्रॅक्टरवरून उतरली. त्याने सगळं सांगितलं, अडखळत, तिच्याकडे न बघता.

 ती माझ्याकडे वळली. "जी धड आहेत, त्यांना परत लस द्यावी लागेल ना?"

"हो."

"आजच देते." तिने बापापुढे हात पसरला. "फ्रीजची किल्ली द्या, बाबा. सोमवारी जाताना डॉक्टरांकडे देऊन जाईन."