हलला की जिवंत धरायचा

लेक दिवसभर किडे मोजते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारला होता. "एवढी शिकली, आणि शेवटी किडे?" पण आता त्याच किड्यांवर त्यांची सगळी भिस्त होती.

कारण आई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी हयात घालवलेली बाई, अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ! आणि आता स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची, "मी इथे कशाला आले?" बाबा म्हणायचे, "मला भेटायला." मग दोघं हसायची. अलीकडे ती हसेनाशी झाली होती. एकदा तर लेकीलाच म्हणाली, "आपण कोणाकडे आलात?" लेक त्या दिवशी जेवली नाही.

लेक प्रयोगशाळेत याच दुखण्याच्या मागे हात धुऊन लागली होती. म्हातारपणी मेंदूच्या पेशी का झिजतात, हे ती त्या किड्यांत शोधायची, कारण किडा तीन-चार आठवड्यांत जन्मून, म्हातारा होऊन मरूनही जातो. नुकतंच एक औषध घातलेल्या काचेच्या बश्यांमधले किडे बिनऔषधाच्या किड्यांपेक्षा चांगलेच जास्त जगले होते. जो तो तिची पाठ थोपटत होता.

बाबा तडक प्रयोगशाळेत गेले.

"एक पुडी दे. दुधातून देतो तिला. कुणाला सांगत नाही."

"बाबा, किड्यांना दिलंय ते. माणसाला काय होईल कुणाला ठाऊक?"

"तिचं आणखी काय व्हायचं राहिलंय गं?"

लेकीनं खुर्ची ओढली. त्यांना भिंगापुढे बसवलं. दोऱ्याच्या तुकड्यांसारखे किडे पडले होते, एक अगदी निपचित.

"हा गेला बिचारा," बाबा म्हणाले.

"थांबा." तिनं केसाएवढ्या तारेनं त्याला हलकेच स्पर्श केला. किड्यानं डोकं जरासं हलवलं. "म्हातारे झाले की आपणहून चालत नाहीत. पण हात लावल्यावर हलला, की जिवंत धरायचा. घाई करायची नाही."

"आणि औषधाचं काय?"

"त्याचीही घाई नाही. औषधाच्या बश्या सगळ्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या, गार हवेच्या पंख्याजवळ, आणि बिनऔषधाच्या वरच्या. तिथे जरा गार असतं, आणि गारव्यात किडे तसेही जास्त जगतात. चूक माझीच. आता बश्या वरखाली करून सगळं पहिल्यापासून करतेय."

"कुणी विचारलं होतं तुला?"

"नाही. पण मला कळलंय ना."

बाबांचा पारा चढला. "धन्य आहे! आई हातची चाललीय, आणि हिला फळ्या सुचतायत!" ते तरातरा निघून गेले. मग बरेच दिवस अबोला.

दुसऱ्यांदा केलेला प्रयोग संपला, त्या संध्याकाळी लेक घरी आली. चेहऱ्यावरूनच कळलं.

"औषधाचा गुण नव्हताच, बाबा. गारव्याचा होता. आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. एक जण म्हणालाही, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?" मग तिचा बांध फुटला. "मलाही ते खरं ठरायला हवं होतं हो!"

बाबा बघतच राहिले. त्या औषधाची सगळ्यात जास्त गरज हिला, आणि हिनंच आपल्या हातानं ते खोटं ठरवलं. बाबांनी जन्मभर बस चालवली होती. ब्रेकची शंका आली, की प्रवासी कितीही ओरडोत, गाडी जागची हलवायची नाही, अशी त्यांची ख्याती. माझ्यावर गेलीय कार्टी, त्यांच्या मनात आलं. छे, माझ्यापेक्षा काकणभर सरसच. माझी आई नव्हती त्या बसमध्ये. त्यांनी आपला रुमाल तिच्यापुढे धरला.

"आता पुढे काय?"

"दुसरं औषध. या वेळी बश्या पहिल्यापासून दोन्ही फळ्यांवर." डोळे पुसून ती आत गेली.

आई खिडकीशी बसली होती. सकाळपासून हूं नाही की चूं नाही. लेक तिच्यापुढे जमिनीवर बसली. "आई, मी आलेय." आईची नजर बाहेरच. लेक उठायला लागली.

"थांब," दारातून बाबा म्हणाले. "घाई करायची नाही."

लेकीनं एक बोट आईच्या गालाला हलकेच लावलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग आईनं सावकाश मान वळवली. नाव काही आठवलं नसावं, पण तिनं आपला गाल लेकीच्या तळहातावर टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

"मोज, पोरी," बाबा कसंबसं म्हणाले. "जिवंत धर."