अंतराळबुवाचे दोन फोटो

नवापूरच्या किनाऱ्यावर, मासळी वाळत घालायच्या जागेवर, त्या सकाळी एकही बोंबील नव्हता. गाव मात्र झाडून जमलं होतं. मधोमध बांबूला दोन मोठे फोटो टांगलेले, त्यांना झेंडूचे हार, खालच्या कडेला चकचकीत जरीची पट्टी, पुढे समई. फोटो बघून बायका गालात मारून घेत होत्या आणि पुरुष हात जोडून उभे होते.

फोटो होतेच तसे. पालघरचा सगळा मुलूख आकाशातून टिपलेला. पहिल्यात किनाऱ्यापासून मासवणच्या डोंगरांपर्यंत जमीन लालभडक, कुणी रक्ताचा हंडा उपडा केल्यासारखी. दुसऱ्यात डोंगर राखाडी झालेले, फक्त समुद्राकाठची पट्टी अजून लाल.

"भक्तहो, हे चित्र माणसानं काढलेलं नाही!" भगव्या कफनीतला बुवा गरजला. "नऊशे किलोमीटर उंचावर मातेचा डोळा फिरतोय. सायन्सवाले त्याला सॅटेलाइट म्हणतात. बिचारे! त्यांना फोटो दिसतो, कोप दिसत नाही. मी मासवणला शांती केली आणि डोंगरातलं रक्त धुऊन गेलं. नवापूरचं का राहिलं? कारण इथे पापानं मुळं धरलीत. मुळं!"

आणि त्याने काठी माझ्या आत्याच्या वाडीवर रोखली.

जयवंतीआत्याची ती वाडी नारळ-चिकूची, समुद्राच्या अंगाला सुरूची दाट रांग. नवरा गेल्यापासून ती एकटीच्या हिमतीवर वाडी राखत होती आणि तिचं पोटही त्याच वाडीवर होतं. बुवाचा हुकूम असा, की वाडी मुळासकट तोडायची आणि लाकूड होमासाठी त्याच्या कुंभवलीच्या मठात पोचवायचं. कुऱ्हाडी हळदकुंकू लावून फोटोंपुढे मांडूनही झाल्या होत्या.

या बुवाला मी चांगली ओळखत होते. पूर्वी तो लिंबातून रक्त काढायचा. लिंबाला शाळकरी मुलंसुद्धा हसायला लागली, तेव्हा त्याने थेट उपग्रह गाठला. कुठल्याशा प्रदर्शनातले टाकून दिलेले हे दोन फोटो त्याच्या हाती लागले आणि लिंबूबुवाचा अंतराळबुवा झाला.

साल ब्याण्णव. मी मुंबईतल्या एका कार्यालयात अशीच उपग्रहाची चित्रं वाचण्याचं काम करायचे. आत्याचा निरोप मिळाला तेव्हा मी साहेबांकडे आमच्या किनाऱ्याचं ताजं चित्र मागितलं. "गावातल्या लोकांना काय कळणार त्यातलं, विजया? शिवाय चित्र बाहेर द्यायची पद्धत नाही," साहेब म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही चित्रं कपाटात कोंडली, म्हणून तर बुवाने ती बांबूवर टांगली! मी चित्राची गुंडाळी वर्तमानपत्रात बांधली आणि सरळ नवापूर गाठलं.

आत्या वाडीच्या फाटकात पदर खोचून उभी होती. "झाडाला हात लावायचा तं आदी माझ्यावर घाव घाला!"

"रागवू नको, जयवंतीबाय," सरपंच दिनानाथकाका म्हणाले. त्यांची स्वतःची होडी होती. "दोन वर्सं जाळ्यात मासळी नाय. पाण्यात उतरलं का अंगाला खाज सुटते. देवीनं वरून दाखवलंय, तं आमी डोळे मिटून घ्यायचे काय?"

माणूस वाईट नव्हता. रिकामी होडी घेऊन रोज परत येणारा माणूस कशालाही हात जोडतो. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"काका, तुम्ही होडी घेऊन उंबरगावला जाता ना? शाळेच्या नकाशात गुजरात पिवळा असतो. तिथली जमीन पिवळी दिसली कधी?"

"नकाशाला कायतरी रंग द्यायचा म्हणून देतात गो."

"हेही तसंच. हिरवं पान उन्हातला एक असा उजेड परत फेकतं, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. वरच्या यंत्राला दिसतो. तो कागदावर दाखवायला कुठलातरी रंग हवा, म्हणून आम्ही लाल देतो. हे रक्त नाही. हा जिवंत पाला आहे!"

"ऐका, ऐका!" बुवा फिस्कारला. "मुंबईत शिकून आली आणि देवीला पाला म्हणते!"

"देवीला नाही, तुमच्या फोटोला. बरं, यात कुंभवली कुठे?" मी बोट ठेवलं. "हा डाग बघा, सगळ्यांत लाल. ही तुमच्या मठाची आमराई. तिथे कुऱ्हाड कधी लावताय?"

"ते... ते भक्तीचं तेज आहे."

"म्हणजे लाल तुमच्याकडे असला की तेज, आणि आत्याकडे असला की पाप?"

मागच्या बायका खुदकन हसल्या. पण दिनानाथकाका हसले नाहीत. "ता सगला खरा. पण मासवणचा लाल गेला कसा? गेलेला तं डोळ्यांनी दिसतोय."

मला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्न विचारला होता. आणि प्रश्न नवापूरलाच पडावा असा होता. बारा महिने नारळी-सुरूच्या सावलीत राहणाऱ्यांना जमीन उघडी पडते हे ठाऊकच नसतं. डोंगरातली माणसं कापणी उरकून इकडे कामाला येतात. इकडचं कुणी उन्हाळ्यात तिकडे फिरकत नाही.

आत्याच्या वाडीत कामाला आलेली मासवणची सोमी तिथेच उभी होती. तिला विचारलं, "सोमी, वैशाखात तुमचं शेत कसं दिसतं?"

"कसं दिसंल? पाऊस हाय तवर हिरवं. भात कापला का उगडं. सागाचीबी पानं झडतात. वैशाखात शेळीला काडी मिळत नाय."

"आणि बुवांनी शांती केली, ती पाहिलीस?"

"आमी तवा हितंच व्हतो ना कामाला! गावात व्हतं कोण?"

आता मात्र हशा उसळला. मी फोटोंच्या खालच्या जरीच्या पट्टीला हात घातला.

"भस्म होशील!" बुवा किंचाळला.

"होऊ दे," म्हणत मी दोन्ही पट्ट्या टरकावल्या. खाली बारीक इंग्रजी छपाई होती. दिनानाथकाकांनी वाकून, अक्षरं जुळवत वाचलं. पहिल्या फोटोखाली ऑक्टोबर, दुसऱ्याखाली मे.

"प्रत्येक चित्रावर तारीख असते, ती यांनी झाकली. डोंगर शांतीनं नाही, उन्हानं राखाडी झाले. आपला काठ बारमाही हिरवा, म्हणून फोटोत बारमाही लाल. तो मंत्रानं जात नाही, म्हणून यांना कुऱ्हाड लागते. वाडी तोडली की पुढच्या फोटोत लाल नसेल. झाला चमत्कार! आणि लाकूड मठात!"

दिनानाथकाकांनी कुऱ्हाड उचलली, शर्टाच्या टोकाने तिचं कुंकू पुसलं आणि ते बुवाकडे वळले. बुवा समई घ्यायलाही थांबला नाही.

"पण पोरी, मासळीचा काय?" काकांनी विचारलं.

मी माझी गुंडाळी उलगडली. त्या चित्रात खाडीच्या तोंडातून एक फिकट पट्टा समुद्रात दूरवर गेला होता. ताबडतोब कुणीतरी बुवाच्या फोटोचा हार काढून माझ्या चित्राला घालायला आलं.

"हार नको!" मी ओरडलेच. "याला प्रश्न विचारा. इथलं पाणी बाजूच्या पाण्यापेक्षा वेगळं आहे, एवढंच हे चित्र सांगतं. त्यात काय मिसळलंय ते तपासल्याशिवाय मीही सांगणार नाही. सांगितलं तर माझ्यात आणि बुवात फरक काय?"

दुसऱ्या दिवशी होड्या त्या पट्ट्यावर गेल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरून तपासणीला रवाना झाल्या. हे काम नवस बोलण्यापेक्षा कष्टाचं आहे, उत्तर उशिरा येतं आणि कधीकधी नको तेच येतं. तरी हाच रस्ता धरा. तुम्हाला कुणी अद्भुत काही दाखवलं, तर ते कधीचं, कुठलं, आणि काय झाकलंय, एवढं विचाराच. विचारल्याने खरा देव रागावत नाही. रागावतो तो बुवा.

आणि आभाळातून आपल्या गावाचं चित्र काढणाऱ्यांनो, ते गावाला दाखवा. तुम्ही दाखवलं नाहीत, तर दुसरा कुणी हार घालून दाखवेल.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. "चित्र कुठे आहे?"

"नवापूरच्या पंचायतीच्या भिंतीवर."

"ताबडतोब परत आण."

"नाही आणणार, साहेब. आणि पावसाळ्यानंतरचं पुढचं चित्र कधी देताय, ते विचारायला सरपंच बाहेर बसलेत. शेजारी माझी आत्या आहे. बाकीचं गाव जिन्यात उभं आहे."