कपाटातलं चिंचेचं रोप

श्यामगुरुजींनी कपाटाचं दार उघडलं, तशी पडवीतली सगळी पोरं पुढे सरकली. आत काळोखात ठेवलेल्या चिंचेच्या रोपाची पानं टक्क उघडी होती.

"सकाळ झाली हे याला सांगितलं कोणी?" गुरुजींनी विचारलं.

शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी मे महिन्याच्या सुटीत मालगुंडच्या पोरांचा हा वर्ग भरायचाच. गुरुजी रंगात येऊन सांगू लागले. झाडाच्या अंगातच घड्याळ असतं, तसं आपल्याही. मेंदूच्या पेशींत जनुकं असतात, म्हणजे कामाच्या सूचनाच. त्यातल्या काही उजाडताना जाग्या होतात, काही दिवेलागणीला. त्यांना उठवतं-निजवतं ते हे घड्याळ. पण ते रोज थोडं चुकतं, आणि डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड ते पुन्हा जुळवून देतो. रोप असंच कोंडून ठेवलं, तर त्याला दिवस-रात्र कळेनाशी होईल. म्हाताऱ्या माणसाचं घड्याळ तर आधीच ढिलं झालेलं असतं.

"मग आत्माकाकांची खिडकी बंद का असते, गुरुजी?" शमिकाने विचारलं.

तिने सहज विचारलं होतं. गुरुजींचा हात मात्र कपाटाच्या दारावरच राहिला.

"उन्हाचा त्रास होतो गो त्यांना," ते म्हणाले.

शमिकाने मान हलवली. गुरुजी सांगतात ते खरंच असतं, अशी तिची खात्री होती.

आत्माराम म्हणजे गुरुजींचा थोरला भाऊ. स्वतः कलमांच्या बागेत राबून त्यानेच श्यामला शिकवलं. आता त्याची आठवण पुसत चालली होती. त्याच्या खिडकीखालून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, जाते. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो हाका मारायचा आणि घरात मला उपाशी ठेवतात म्हणून सांगायचा. लोक वर बघायचे. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस त्यांनी खिडकी लावून घेतली, ती लावलीच. दादा दिवसभर डुलक्या काढू लागला आणि संध्याकाळ झाली की घरभर घाबरून फिरू लागला. दादांना सकाळी उजेडात बसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उल्काताई, गुरुजींची बायको, तेच सांगून थकली. गुरुजींना ते कोणी सांगायला नकोच होतं. जन्मभर त्यांनी हेच तर शिकवलं होतं.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं आली, तेव्हा पडवीत उन्हाच्या तिरिपेत आत्माराम खुर्चीवर बसला होता. शेजारी कट्ट्यावर चिंचेचं रोपही होतं. इतक्यात पाखाडीवरून गावातला भागोजी चालला. दादाने हाक मारलीच.

"भागोजी, हा शाम्या मला कोंडून ठेवतो रे."

भागोजी खाली बघू लागला. एरवी गुरुजी हसून म्हणाले असते, त्याचं काय मनावर घेता, डोकं ठिकाणावर नाही त्याचं. ते वाक्य आताही ओठांवर आलं होतं.

"खरं आहे, भागोजी," ते म्हणाले. "मीच कोंडलं होतं." मग शमिकाकडे वळले, पण तिच्या नजरेला नजर देववेना. "उन्हाचा त्रास दादाला नव्हता गो. लोकांची लाज मला वाटत होती."

ऊन थोडं सरकलं होतं. गुरुजींनी भावाची खुर्ची धरून उन्हाकडे ओढली.

"आता तरी जेवायला घालशील काय?" आत्मारामाने विचारलं.

नुकतीच त्याची पेज खाऊन झाली होती. "घालतो, दादा," म्हणत गुरुजी आत गेले.