कोर्टावर शिंपडलेलं पाणी

कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाची जागा आमची. साडेपाच गुंठे, सासऱ्यांकडून माझ्या नावावर आलेली, मी माझ्या सहीने दिली. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण सही मला येते. म्हणून दर वर्षी स्पर्धेचा नारळ माझ्या हातून फुटतो आणि मंडपातली पहिली खुर्ची माझी असते.

सत्यजीत सर तीन वर्षांपूर्वी कोच म्हणून आला. कामोठ्यात भाड्याने राहणारा, कंत्राटावरचा माणूस, पण कोर्टावर चालायचा असा की जागा त्याच्याच बापाची. पहाटे साडेपाचला पोरं उभी. सरावाआधी कोर्ट पुसायचं. पहिला पोछा तो स्वतः मारायचा, मग पोरांच्या हाती द्यायचा. त्या पोरांत माझा नातू प्रणित. मी एकदा पाहिलं आणि घरी येऊन माझ्या मुलाला, तुळशीरामला, सुनावलं की जागा देणाऱ्याचा पोर तिथं फरशी पुसतो, तू कॉलेजच्या कमिटीवर बसून काय माशा मारतोस? तुळशीराम हसला. प्रणित मात्र जेवण टाकून उठला. सर नसते तर मी बाईक घेऊन नाक्यावर उभा असतो, म्हणाला. ते खोटं नव्हतं. यंदा बारावीत असताना राज्याच्या निवडीसाठी त्याचं नाव गेलं होतं.

डिसेंबरात स्पर्धा आली. कोर्टाला नवा निळा रंग दिलेला. मी नेहमीप्रमाणे नारळ घेऊन बास्केटच्या खांबाकडे निघाले तर सर आडवा आला. नारळ फाटकाच्या पायरीवर फोडू या, म्हणाला.

"आजी, या रंगावर पाणी पडलं तर पाय ठरत नाही."

"माज्या जागेत नारळ कुठं फोडायचा ते तू नको शिकवू."

प्राचार्यांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मी नारळ फोडला, पाणी तांब्यात धरलं, थोडं खाली सांडलं. तर हा सगळ्या लोकांसमोर गुडघ्यांवर बसला, गळ्यातल्या टॉवेलने ती जागा पुसली, तळहात फिरवून पाहिलं आणि पुन्हा पुसली. देवाचं पाणी असं पुसलं जसं कुत्र्याने घाण केलीय. पोरं बघत होती. माझ्या कानशिलांत आग झाली.

तो पंचांच्या टेबलाकडे गेला तेव्हा मी उठले आणि तांब्यातलं ओंजळभर पाणी त्याच जागी शिंपडलं. नैवेद्य अर्धा ठेवू नये, असं मनाला सांगितलं. खरं तर मला त्याचं पुसणं मोडायचं होतं. कोणी पाहिलं असतं तरी माझ्या जागेत मला कोण विचारणार होतं?

चौथ्या मिनिटाला प्रणितने त्याच बास्केटखाली उडी मारून चेंडू टाकला. खाली आला आणि उजवा पाय सरकला. गुडघ्याचा आवाज मला पहिल्या खुर्चीत ऐकू आला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, खेळ मात्र विसरा. माझ्या खोलीत त्याची खाट टाकली. तुळशीरामला कोणाची तरी मान हवी होती. त्याने कमिटीत सरांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. आणि सरांनी काय करावं? स्वतःच लिहून दिलं की पुसताना माझ्याकडून ओल राहिली असेल.

रोज संध्याकाळी तो यायचा, उंबऱ्याशी बसायचा. प्रणितशी खेळाचं बोलायचा नाही, त्याच्या पायाला व्यायाम द्यायचा. एकदा निघताना मला म्हणाला, "आजी, माफ करा. माझा हात कुठेतरी चुकला." मी पानाचा डबा उघडला आणि पान लावत बसले. एकोणीस दिवस मी अशीच पान लावत होते.

विसाव्या दिवशी कमिटीची बैठक होती. मी गेले, खुर्चीवर बसले नाही. पाणी मी टाकलं, त्याने पुसल्यावर टाकलं, जाणूनबुजून टाकलं, असं सरळ सांगितलं. कारकून पेन धरून होता. त्याचं पेन हललं नाही. प्राचार्य उठले, माझ्यासाठी चहा सांगितला, आजींचं मन किती मोठं, कंत्राटी माणसासाठी आळ अंगावर घेतात, म्हणाले. मी कारकुनाला लिही म्हटलं. त्याने तुळशीरामकडे पाहिलं.

तुळशीरामचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला सगळं कळलं होतं. पोटचा पोर आहे, मला त्याचा चेहरा वाचता येतो.

"आयचं वय झालंय," तो म्हणाला. "काय बी बोलते. फुडं घ्या."

आयुष्यभर त्या घरात, त्या गावात माझा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता. सर भिंतीशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ते रागाचं नव्हतं. वीस दिवस स्वतःचे हात तपासून दमलेला माणूस पाहील तसं पाहिलं. मग पुढे होऊन टेबलावर आधीच लिहून ठेवलेल्या राजीनाम्यावर सही केली.

घरी प्रणित वाट पाहत होता. सर राहणार ना, विचारलं.

"नाय."

का, म्हणाला. मी सांगितलं. त्याच्या बापासमोर सांगितलं, काही झाकलं नाही. त्याने डोळे मिटून ऐकलं, मला वाटलं रडेल. रडला नाही. आईला, निशाला, हाक मारली आणि खाट वरच्या खोलीत न्या म्हणाला. निशाने समजावलं की जिना चढता यायचा नाही, बाथरूम खाली आहे. तो ऐकेना.

तुळशीराम आणि गड्याने त्याला खुर्चीत बसवून उचललं. ऑपरेशनचा पाय कठड्याला लागला तेव्हा त्याने ओठ चावला, माझ्याकडे पाहिलं नाही. वरचं दार लागलं.