नोरीनची ओटी

"हाच दगड?" सासूबाईंनी विचारलं. "याच्यासाठी एवढं चालवलं तुम्ही मले?"

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात, थॉमंड पुलाच्या टोकाशी, चौथऱ्यावर ठेवलेल्या त्या दगडापुढे आम्ही उभे होतो. मी गाइडच्या थाटात सांगितलं, की सव्वातीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाच्या फौजेशी इथल्यांचा तह झाला, तो याच दगडावर, असं म्हणतात.

"मंग पाळला का थो तह?"

"नाही."

"तं दगड काहून ठेवला सांभाळून?"

स्नेहलताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वर्ध्याच्या एसटी स्टँडवर नोकरीभर चौकशीच्या खिडकीत बसल्या. अख्ख्या जिल्ह्याला गाड्या सांगितल्या, स्वतः नागपूरच्या पुढे फारशा गेल्या नाहीत. जन्मभर लोकांचे प्रश्न ऐकले, त्याची भरपाई त्या जावयाकडून करून घेत असाव्यात. लेकीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, रेवतीच्या बाळंतपणासाठी तीन महिने आमच्याकडे राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शॅननहून त्यांचं परतीचं विमान होतं, म्हणून शेवटच्या दिवशी रेवती आणि बाळासकट मी त्यांना शहर दाखवायला बाहेर काढलं होतं.

पण त्यांचं लक्ष शहरात नव्हतंच. खांद्यावरची कापडी पिशवी त्या सकाळपासून खाली ठेवत नव्हत्या. त्या पिशवीत साडी होती, खण होता, एशियन शॉपमधला नारळ, तांदूळ आणि हळदकुंकवाचा करंडा. सगळं नोरीनसाठी.

नोरीन म्हणजे रेवतीची सुईण. तन्वी जन्मली त्या पहाटे रेवतीचा रक्तस्राव थांबेना. आत डॉक्टरांची धावपळ चाललेली, बाहेर मी आणि सासूबाई. नोरीनची ड्युटी संपली होती, तरी ती घरी गेली नाही. रेवती शुद्धीवर येईपर्यंत आत राहिली, आणि मग बाहेर येऊन सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन बसली. एकीला इंग्रजी कळत नव्हतं, दुसरीला मराठी. तरी आमच्यात जे काही बोलणं झालं ते त्या दोघींचंच.

तेव्हापासून सासूबाईंचा एकच धोशा. सुईणीची ओटी भरल्याशिवाय मी जात नाही.

"आई, प्लीज," आताही रेवती वैतागून म्हणाली. "इथे असं नसतं गं. ती हॉस्पिटलची नर्स आहे, गिफ्ट घेता येत नाही तिला. थँक-यू कार्ड दिलंय ना आपण? दॅट्स ग्रँड, तेवढं पुरतं."

"कार्डानं ओटी भरते का?"

मी मात्र दोघींनाही एक गोष्ट सांगितली नव्हती. ऑफिसातला एक सहकारी नोरीनचा भाचा निघाला होता. लिमरिकमध्ये कुणालाही टिचकी मारा, तो कुणाचा तरी भाचा असतो. त्याच्यामार्फत निरोप गेला होता, आणि आजच्या तिच्या सुटीच्या दिवशी पुलापलीकडच्या किल्ल्यासमोर भेटायला नोरीनने आनंदाने होकार दिला होता.

पूल ओलांडून आलो तर ती उभीच. निळा रेनकोट, गळ्यात लांब स्कार्फ, नवरा गाडी पार्क करायला गेलेला. सासूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आपल्या हातून निदान एक काम धड झालं.

किल्ल्यासमोरच्या बाकावर सासूबाईंनी पिशवी उघडली. सगळं नीट मांडलं, करंडा उघडला आणि रेवतीला म्हणाल्या, "घे, भर."

"मी? तूच भर ना."

"मी नाई भरत. तुले माईत आहे." आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

रेवतीचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून घरच्या प्रत्येक बारशाला, डोहाळजेवणाला सासूबाई अशाच मागे सरकत आल्या. कुणाला सांगावं लागत नसे, त्यांच्या त्याच भिंतीशी जाऊन उभ्या राहत.

रेवतीने क्षणभर आईकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर झोपलेल्या तन्वीला तिने जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

"माझे हात रिकामे नाहीत," ती म्हणाली. "आणि शिरीष पुरुष आहे. तुलाच भरावी लागेल."

सासूबाई पुढे आल्या. नोरीनने मान खाली केली, कुंकू लावून घेतलं, रेवतीने सांगितल्याप्रमाणे स्कार्फचं टोक पदरासारखं पसरलं. त्यात तांदूळ पडले, नारळ पडला, खण आणि साडी आली. येणारे-जाणारे बघत होते. बघेनात का!

"किती सुंदर," नोरीन इंग्रजीत म्हणाली. ओटी बाकावर ठेवून तिने करंड्याकडे बोट केलं. "आता मीही त्यांना लावायचं असतं का?"

मी रेवतीकडे पाहिलं. हे सांगायचा हक्क माझा नव्हता.

रेवतीने आईकडे पाहिलंच नाही. "हो," ती नोरीनला म्हणाली. "आता तुमची पाळी."

नोरीनने करंड्यात बोट बुडवलं. सासूबाईंना कळलं, तोवर ते बोट त्यांच्या कपाळाशी आलं होतं. मला वाटलं, त्या मागे सरकणार. त्यांनी डोळे मिटले आणि जागेवर उभ्या राहिल्या. कुंकू जरा तिरकं, आणि चांगलं पसरट लागलं.

दोघी बराच वेळ एकमेकींना धरून होत्या. मग नवरा आला, फोटो झाले, नोरीनने तन्वीचा पापा घेतला आणि ती ओटी उराशी धरून गेली. त्या बाईचे उपकार आम्ही कसे फेडणार होतो? उलट तीच आणखी एक करून गेली होती.

किल्ल्याच्या दाराशी पोचलो आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. मी म्हणालो, "आई, जॅकेटची टोपी घाला डोक्यावर."

"नको न," त्या म्हणाल्या. "टोपीनं पुसते."

आणि कपाळावर तळहाताचा आडोसा धरून त्या आमच्या पुढे पायऱ्या चढू लागल्या.