नखाएवढा फुगा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. कागदाचा नवा गठ्ठा आणला तरी मी पानं मोजून घेते. त्याला कारण आहे. पूर्वी एका लेखकाबरोबर चित्रकथा करायला घेतली होती. त्यातला चष्मेवाला हत्ती मी काढला, त्याचं बारसं मी केलं, आणि वर्षभराने तो दुसऱ्याच चित्रकाराच्या पुस्तकात ऐटीत फिरताना दिसला. फक्त गोल चष्म्याचा चौकोनी झाला होता.

त्यानंतर मी फक्त पाल्हाळरावांबरोबर काम केलं. हे नाव मीच ठेवलेलं, आणि त्यांनाही ते आवडायचं. अकरा वर्षांत सात पुस्तकं झाली. गोष्ट दोघांनी बसून ठरवायची, मग मी पानं काढायची, पात्रांच्या तोंडाजवळचे संवादाचे फुगे रिकामे ठेवून. शब्द ते नंतर लिहून पाठवायचे. फुग्यात दहा शब्द मावणार असतील तर यांचे हमखास तीस यायचे. मग फोनवर जुंपायची.

"अहो, पात्राला श्वास तरी घेऊ द्या!"

"तू फुगा मोठा कर, बाई."

"आणि माणसाचं डोकं कुठे काढू? पुढच्या पानावर?"

शेवटी मी चार शब्दांची जागा वाढवायची, ते सोळा शब्द कापायचे. कापताना असे कण्हायचे, जणू स्वतःची बोटं कापून देतायत.

आणि गेले तीन महिने त्यांचे शब्द फुग्यात चपखल बसत होते. एकही कापावा लागत नव्हता. शिवाय पूर्वी हिरव्या शाईतलं त्यांचं गिचमिड यायचं, आता टाइप केलेला कागद येऊ लागला. फोन केला की वहिनी उचलायच्या. "ते आंघोळीला गेलेत." सकाळी केला तरी आंघोळ, दुपारी केला तरी आंघोळ, संध्याकाळीही तेच. हा माणूस आहे की पाणघोडा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी विचार करत गेले आणि डोकं भणभणायला लागलं. फुग्याचं माप इतकं नेमकं कोणाला कळतं? जो स्वतः फुगे काढतो त्यालाच. म्हणजे त्यांच्या टेबलाशी दुसरा कोणी चित्रकार बसत होता. माझी पानं त्याला दाखवली जात होती, उद्या गोष्टही त्याच्याकडे जाणार होती. ही गोष्ट मला जिवापाड आवडली होती: एक बस कंडक्टर आणि घर सोडून दूर निघालेली त्याची मुलगी. ती हातची गेली असती आणि तीही पाल्हाळरावांनी नेली असती, तर मी पुन्हा कोणावर विश्वास ठेवू शकले नसते. चित्रकथा बंद करून वाढदिवसाची कार्डं रंगवत बसले असते.

म्हणून मी सापळा लावला. मुलगी बसमध्ये बसते, बाप खाली उभा आहे, हे पान काढलं. बापाच्या तोंडाजवळ फुगा काढला फक्त नखाएवढा. निरोपाचा प्रसंग आणि जागा एका शब्दाची! खरे पाल्हाळराव असते तर पान मिळताच फोन करून माझा उद्धार केला असता.

फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी कागद आला. त्यावर एकच शब्द होता: "जेवलीस?"

शब्द अस्सल होता. बापाने त्या जागी दुसरं काही बोलायलाच नको होतं. पण तो पाल्हाळरावांचा नव्हता, यावर मी पैज लावायला तयार होते. मी चपला घातल्या आणि न कळवता त्यांच्या घरी गेले.

वहिनींनी दार अर्धंच उघडलं. "अगं, ते आंघो..."

"त्यांचं होईपर्यंत मी बसते," म्हणत मी आत घुसले.

टेबलाशी कोणी चित्रकार नव्हता. पाल्हाळराव एकटेच होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, डाव्या हातात पेन्सिल. समोर माझं पान. भोवती चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी अक्षरं: जपून. ये. थांब. बाळा. सगळ्यांवर काट मारलेली.

"तीन महिन्यांपूर्वी झटका आला," वहिनी मागून म्हणाल्या. "हात गेला, बोलणंही गेलं. डोक्यात सगळं आहे, पण शब्द बाहेर येत नाही. एकेका शब्दासाठी घामाघूम होतात. जे येतं ते मी टाइप करते. तुला सांगायचं नाही, हे त्यांनीच खुणेने बजावलं. तू दुसरा लेखक बघशील म्हणून."

मला तोंड लपवावंसं वाटलं. अकरा वर्षं मी या माणसाच्या मागे लागले होते, शब्द कमी करा म्हणून.

त्यांनी मला जवळ बोलावलं. नखाएवढ्या फुग्यावर बोट ठेवलं आणि ओठ जुळवायला लागले. बराच वेळ गेला.

"का?"

थाप तयार होती. बसच्या खिडकीने जागा खाल्ली, म्हणता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून जमेना.

"तुम्हीच लिहिता की दुसरं कोणी, ते बघायचं होतं. मी तुमची परीक्षा घेत होते."

वहिनींचा चेहरा उतरला. "दोन दिवस झोपले नाहीत गं ते त्या एका शब्दासाठी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता.

पाल्हाळरावांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. पुन्हा ओठ जुळवायला लागले. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होतो.

"पास?"

मला 'हो' म्हणायला त्यांच्याहून जास्त वेळ लागला.