लशींच्या फ्रिजचं रिचार्ज

अँड्र्यू उजागरे खरेदी शाखेत असूनही त्याच्याविषयी कुणी वावगं बोलत नसे, आणि याचं त्याला मनातून कौतुक होतं. नगरच्या एका सरकारी कार्यालयात आरोग्य केंद्रांच्या यंत्रांच्या फायली त्याच्या टेबलावरून जात. ठेकेदाराचा चहासुद्धा तो पीत नसे. सरकारी खरेदीत घोळ होतो तो खाणाऱ्यांमुळे, अशी त्याची पक्की समजूत होती.

एका रविवारी चर्च आटोपून तो भिंगारहून कोल्हारकडे थोरल्या बहिणीकडे जेवायला गेला. फिलोमिना, म्हणजे त्याची फिलोताई, तिथल्या एका आरोग्य केंद्रात सिस्टर होती आणि केंद्रामागच्या क्वार्टरमध्येच राहायची. निवृत्तीला वर्षच उरलं होतं. जेवताना तिचा मोबाईल वाजला. लशींच्या फ्रिजवर एक लहानसं यंत्र बसवलेलं होतं; वीज जाऊन आतला गारवा कमी व्हायला लागला की ते आतल्या सिमकार्डवरून सिस्टरला मेसेज करी. ताई हातातली भाकरी टाकून पळाली आणि जनरेटर लावून परत आली.

"बरं झालं, परवाच रिचार्ज मारला," ती धापा टाकत म्हणाली.

"कुणी मारला?"

"म्या. आनखी कोन मारनार, तुझं हापिस?"

यंत्राबरोबर कंपनीने दिलेलं सिमचं रिचार्ज कधीच संपलं होतं. तेव्हापासून ताई आणि तालुक्यातल्या बाकीच्या सिस्टर आपापल्या पदरचे पैसे घालत होत्या. अँड्र्यूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "एवढंच ना? मी करून देतो," तो म्हणाला.

एवढंसं काम, पण ते काही होईना. नवं यंत्र घ्यायला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष होतं, म्हणजे त्या खर्चासाठी राखलेला रकाना. जुन्या यंत्राच्या दरवर्षीच्या रिचार्जला मात्र रकानाच नव्हता. तो उघडायचा तर गरज दाखवायला हवी, आणि अहवालात तर सगळी यंत्रं ठणठणीत. सिस्टरच पैसे भरत होत्या, मग बंद पडतील कशी? फाईल शेरा घेऊन परत आली: 'यंत्रे सुरळीत चालू आहेत, सबब खर्चाची आवश्यकता दिसून येत नाही.'

शेरा मारणारे लेखाधिकारी अंगद गव्हाणे अँड्र्यूइतकेच सरळ. "उजागरे, मला कळत नाही असं नाही," ते म्हणाले. "पण ऑडिटवाल्याने विचारलं, चालू यंत्रावर खर्च कशाला, तर काय सांगू? कागदावर काहीतरी आणा."

पदरचे पैसे भरतो असं लिहून द्याल का, असं अँड्र्यूने सिस्टर मंडळींना विचारून पाहिलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. सरकारी यंत्राला हात लावायला कुणी सांगितलं होतं, असं उलट विचारलं तर? शेवटी तो ताईकडे गेला.

"तुझं नाव लिहू?"

"लिही. खरं हाय ते लिही. पर बाबा, माज्या पेन्शनला धक्का लागू दिऊ नको."

"मी आहे ना," तो म्हणाला, आणि ते त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

कागदावर आलेल्या खऱ्याने आपलं काम चोख केलं. आधी ताईला नोटीस आली: कोणाच्या परवानगीने खासगी खर्च केला, खुलासा करावा. मागोमाग परिपत्रक निघालं की सरकारी यंत्रावर कुणीही पदरचा पैसा घालू नये. तालुकाभर रिचार्ज थांबलं आणि यंत्रं मुकी झाली. लाईट गेली की ताई या वयात क्वार्टरमधून फ्रिजकडे धावायला लागली. अहवालात 'बंद' असं लिहून आलं मात्र, फाईल पळायलाच लागली. बंद यंत्राच्या जागी नवं घ्यायला रकाना होताच. शिवाय मार्चअखेर जवळ आलेली. निधी परत गेला असता तर पुढच्या वर्षी तेवढीच कात्री लागली असती.

"झालं ना तुमचं काम?" गव्हाण्यांनी फाईल स्वतः आणून दिली.

सही करू नये असं अँड्र्यूला फार वाटलं. पण अडवून काय मिळणार होतं? लशी वाऱ्यावर. नव्या यंत्रांबरोबर काही वर्षांचं रिचार्ज तरी येत होतं. त्याने सही केली. त्या साऱ्या खरेदीत कुणीही रुपया खाल्ला नाही.

तो केंद्रावर गेला तेव्हा कंपनीची माणसं जुनं यंत्र उतरवत होती. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. ताई दारात उभी राहून बघत होती.

"माज्या नोटिशीचं काय झालं रं?"

"चौकशी चालू आहे," अँड्र्यू म्हणाला. "ती मिटेपर्यंत पेन्शनचे कागद थांबतील. ताई, मी सगळं नियमानंच केलं गं."

"त्येच तर," ताई म्हणाली. "तू पैसं खाल्लं असतंस तर तुज्याशी भांडता तरी आलं असतं."

अँड्र्यूला तिच्याकडे बघवेना.